शेऱ्याचा रकाना

भालेराव मॅडम थर्मामीटर वाचताना श्वास रोखून धरायच्या. नाशिक संपता संपता पेठ रस्त्याला आमचा सरकारी फार्म आहे. त्याच्या मधोमध तारेच्या कुंपणात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी आहे. मॅडम पेटीसमोर यायच्या, पदर खोचायच्या, छाती भरून श्वास घ्यायच्या आणि मगच दार उघडायच्या. आधी दशांश बघायचा, मग पूर्ण अंश. दार बंद केलं की श्वास सोडायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. माणसाच्या तोंडाची वाफ पाऱ्याला लगेच कळते, असं त्या सांगायच्या. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला, तीसेक वर्षं त्यांनी हे केलं. रविवारी केलं, दिवाळीत केलं, सासरे गेले त्या दिवशीही सकाळचं वाचन करून मग त्या घरी गेल्या.

मी तिथं कंत्राटी डेटा ऑपरेटर म्हणून लागले. पेठकडच्या डोंगरातला आमचा पाडा, आश्रमशाळेत शिक्षण, घरात पदवी घेतलेली मीच पहिली. मला वाटलं होतं, हवामानाचं ऑफिस म्हणजे मोठाले पडदे आणि उपग्रहाची चित्रं असतील. मॅडमनी पहिल्या दिवशी मला त्या पेटीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. "अडतीस पूर्णांक चार."

"गुडघ्यात वाक. डोळा पाऱ्याच्या रेषेत आण. परत वाच."

"अडतीस."

"बघ. उभी राहिलीस तर जिल्हा तापला, वाकलीस तर निवला." त्या हसल्या नाहीत. "खाली कागदावर काय लिहितेस त्यावर वर मुंबईत, दिल्लीत माणसं नकाशे काढतात. त्यांना तुझी उंची माहीत नाही."

त्याच आठवड्यात मी अजून एक चूक केली. वाचनांच्या रजिस्टरात आकड्यांचे रकाने झाले की शेवटी शेऱ्याचा एक रुंद रकाना असतो. मला तो मोकळा ठेवायला जिवावर आलं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पाऊस नाही. गारा नाहीत. धुके नाही.' मॅडमनी लाल पेन घेऊन तिन्ही वाक्यं शांतपणे खोडली.

"नाही ते लिहायचं नाही. नसलेल्या गोष्टींची यादी करायला बसलीस तर रजिस्टर पुरायचं नाही. आज हत्ती पण आला नाही. लिहिणार का?"

माळीकाम करणारे निवृत्तीभाऊ कुंपणाबाहेर खुरपं थांबवून हसले. पुढं कित्येक दिवस ते मला विचारायचे, "काय ताई, आज हत्ती?"

त्या कुंपणाचं फाटक बिजागरीतून ओघळलेलं होतं. आत ढकलताना सहज उघडायचं, पण बाहेर येताना वर उचलून ओढावं लागायचं. नवीन माणूस हमखास आत अडकायचा. स्वयंचलित यंत्र बसवायला मुंबईहून आलेला इंजिनिअर अर्धा तास आतून हाका मारत होता. ते यंत्र बसलं तेव्हा सगळे मॅडमना म्हणाले, आता तुम्ही सुटलात. पण पंधराच दिवसांत यंत्रानं भर उन्हात पाऊस कळवला. मॅडम काठी घेऊन गेल्या. पाऊस मोजायच्या नरसाळ्याच्या काठावर दोन साळुंक्या बसल्या होत्या आणि निवृत्तीभाऊंच्या नळीचं पाणी वाऱ्यानं त्यात उडत होतं. मग वरून पत्र आलं, की तुलनेसाठी हाताची वाचनंही पुढील आदेशापर्यंत चालू ठेवावीत. तो पुढील आदेश कधी आलाच नाही.

खरं तर त्यांच्या जोडीला आणखी एक निरीक्षक असायला हवा होता. पूर्वीचे एक होते, ते निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. रजा घेता यायची, नाही असं नाही. पण एकदा तापानं दोन दिवस घरी राहून मॅडम परत आल्या, तर रजिस्टरात दोन्ही दिवसांचे आकडे आदल्या दिवसाचेच होते, फक्त दशांश इकडचा तिकडे. कुणीतरी खुर्चीत बसून लिहिले होते. मॅडम कुणावर ओरडल्या नाहीत. फक्त त्यानंतर त्यांनी रजा घेतली नाही.

त्यांच्या माहेरी मनमाडला कुणाचंही लग्न निघालं की म्हणायचे, मावशीसाठी वेळ सांभाळा. सकाळचं वाचन करून त्या एसटीत बसायच्या, लग्न लागताना मंगलगाथा झाली की फुलं टाकायच्या आणि पंगत बसायच्या आत परत निघायच्या. निवृत्तीला आलेल्या बाईनं अख्ख्या आयुष्यात भाच्यांच्या लग्नाचं जेवण जेवलेलं नव्हतं. पुण्याला मुलीला मुलगी झाली, तेव्हा नात नाशिकला येईपर्यंत त्यांनी तिला फोनच्या पडद्यावरच बघितलं. मी एकदा न राहवून विचारलं, "मॅडम, कंटाळा येत नाही?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "साडेपाचला येतो. मग सहा वाजेपर्यंत जातो."

सकाळच्या वाचनात दृश्यमानता लिहायची असते, म्हणजे किती लांबचं दिसतं ते. त्यासाठी ठरलेल्या खुणा असतात. आमच्या गच्चीवरून सर्वांत लांबची खूण म्हणजे एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या. मॅडमचे वडील तिथं कामाला होते आणि त्यांचं लहानपण त्या वसाहतीतलं. रोज सकाळी त्या गच्चीवर जाऊन कपाळावर हात धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "दिसतंय घर." वडील गेल्यापासून तिथं त्यांचं कुणी राहत नव्हतं. तरी त्या घरच म्हणायच्या. आणि पूर्वेकडं बघून झालं की पाठ फिरवून पश्चिमेच्या डोंगरांकडे बघायच्या. उन्हाळ्यात तिकडे कुठंतरी धुराची रेघ असायचीच. दिवसभरात धूर किंवा वीज दिसली की शेऱ्याच्या रकान्यात वेळ घालून दोन शब्द पडायचे, 'पश्चिमेला धूर.' तिकडेच आमचा पाडा.

एप्रिल-मे म्हणजे फोनचे दिवस. पिंपळगावकडून कांदेवाले विचारायचे, माल शेतात उघडा पडलाय, झाकू का भरू? शहरातून लग्नघरची माणसं विचारायची. एका वधूपित्यानं सकाळपासून चार वेळा फोन केला.

"मॅडम, तुम्ही लिहिलंय तुरळक ठिकाणी पाऊस. तुरळक म्हणजे नेमकं कुठं?"

"तुरळक म्हणजे तुरळक."

"पण आमचं लॉन्स त्यात येतं का?"

"दादा, ढगाला पत्रिका दिली होती का?"

"नाही."

"मग येईल बिनबोलावता. मंडप बांधा."

हसू येऊ नये म्हणून मी बाहेर जायची. पण एकदा फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "यमुना, मला सगळ्या मिळून वीसेक वाक्यं दिलेली आहेत. त्यातच बोलायचं. 'तुरळक ठिकाणी हलक्या स्वरूपाचा पाऊस.' 'मेघगर्जनेसह सोसाट्याचा वारा.' माणूस विचारतो माझं काय होईल, आणि मी त्याला छापील वाक्य देते."

ते तसंच होतं. अंदाज वरून यायचा. मॅडम तो मराठीत करायच्या, मी टाईप करून गावोगावच्या ग्रुपवर टाकायची. वादळ जवळ आलं की एक वेगळा, तातडीचा इशारा यायचा, येत्या तीन-चार तासांसाठीचा. तो तर मी जेवणाचा डबा बाजूला ठेवून पाठवायची. मला अभिमान होता त्याचा. आमच्या पाड्यावरच्या ग्रुपमध्येही मीच असायची. माझ्या बोटानं पाठवलेला मेसेज माझ्या आईपर्यंत जातो, याचं मला फार वाटायचं.

त्या वर्षी मेमध्ये एका दुपारी बाराच्या सुमाराला मी असाच इशारा पाठवला. विजा, पाऊस, सोसाट्याचा वारा. संध्याकाळी घरून फोन आला, की डोंगर पेटलाय आणि सोमाकाका सापडत नाहीत.

सोमाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमच्याकडे नागली-भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. माती भाजून निघते, तण मरतं. काका त्या दुपारी राब भाजत होते. एकदम वारा सुटला, ठिणगी बांधाच्या पलीकडं गेली, वाळलं गवत धरलं. विजा कडाडल्या, पण पावसाचा थेंब पडला नाही. चरायला सोडलेली गाय आणायला काका वर पळाले आणि आग त्यांच्या खालून फिरली. पुढं उभा कडा, मागं वणवा. दोन तास ते एका खडकावर उकिडवे बसून होते. आग खाली गेली तेव्हा तापल्या राखेतून अनवाणी उतरत आले. जीव वाचला. तळपाय गेले. महिनाभर ते दवाखान्यात होते आणि गाय सापडली नाही.

मी दवाखान्यात गेले तेव्हा काका म्हणाले, "तुझ्या हापिसानं पाऊस सांगितला पोरी, न् धाडला वणवा."

सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगतानाही मी ते गंमत म्हणूनच सांगितलं. मॅडमनी विचारलं, "पण त्यांनी त्याच दुपारी राब का लावला? इतक्या उन्हात?"

"मेसेज आला म्हणून," मी म्हणाले. "पाऊस येणार म्हटल्यावर राब ओला होण्याआधी भाजून घ्यायला नको? सगळ्यांनीच लावले होते."

मॅडमच्या हातात जेवणाच्या डब्याचं झाकण होतं. ते त्यांनी डब्यावर ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं. मग उठून कपाटापाशी गेल्या.

जुनी रजिस्टरं खालच्या फळीवर असायची. त्यांनी ती जमिनीवर उतरवली आणि स्वतः फरशीवर मांडी घालून बसल्या. मला बुलेटिनच्या आणि इशाऱ्यांच्या जुन्या फाईली काढायला सांगितल्या. त्या एप्रिल-मेच्या तारखा वाचायच्या, मी फाईलीत त्या दिवशीचा इशारा शोधायची. त्यांच्याच अक्षरात, पानामागून पान: 'पश्चिमेला धूर.' 'पश्चिमेला धूर, दोन ठिकाणी.' आणि फाईलीत त्याच दिवशी, धुराच्या दोन-तीन तास आधी, आमचा इशारा. प्रत्येक वेळी नाही. पण मोबाईल आल्यापासून इतक्या वेळा, की थोड्या वेळानं मी मोठ्यानं वाचायचं बंद केलं.

"सगळे म्हणतात वीज पडून डोंगर पेटतो," मॅडम म्हणाल्या. "वीज तर नंतर आली आहे. धूर आधी आहे." त्यांनी रजिस्टर मिटलं. "इतकी वर्षं माझ्याच हातानं लिहितेय. फाईलीत इशारा, रजिस्टरात धूर. कधी एकत्र वाचलं नाही."

मी म्हणाले, "मग इशारा पाठवायचाच नाही."

"आणि झाडाखाली उभा राहिलेला गुराखी विजेनं गेला तर?"

इशारा दिला तर डोंगर पेटणार, नाही दिला तर माणूस मरणार. त्या दिवशी साडेपाचच्या वाचनाला त्या गेल्या आणि परत यायला बराच वेळ लागला. मी गेले तर त्या फाटकाला धरून आतच उभ्या होत्या. फाटक अडकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वाक्य लिहिलं. तीस वर्षांत त्यांनी स्वतःचं असं लिहिलेलं पहिलं वाक्य. 'वादळाचा इशारा असलेल्या दिवशी राब भाजू नये. तो दोन-तीन दिवस आधी, पहाटे, वारा नसताना भाजावा.' साहेबांकडे घेऊन गेल्या. आमचे साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचलं.

"मॅडम, मुद्दा बरोबर आहे. पण राब भाजूच नये, असं सरकारी धोरण आहे. आपण 'आधी भाजा' लिहिलं म्हणजे भाजायला परवानगी दिली असं होतं."

"मग नुसतं 'त्या दिवशी भाजू नये' लिहू?"

"म्हणजे बाकीच्या दिवशी भाजावा, असाच अर्थ निघतो. शिवाय वणवा आपला विषय नाही. जंगलाचं ऑफिस बघेल."

जंगलाचं काम बघणाऱ्या ऑफिसातल्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, वाऱ्या-पावसाचं तुमच्याकडं असतं, तुम्हीच लिहा. मॅडमनी तो कागद चार महिने पर्समध्ये ठेवला. वर दोनदा पाठवला. शेवटी बुलेटिनमध्ये 'राब भाजणे टाळावे' एवढं छापलं गेलं, जे आधीपासूनच छापलं जात होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये एका शनिवारी त्या मला म्हणाल्या, "तुमचा पाडा किती लांब?"

"दीड तास. फाट्यावरून चालत वीस मिनिटं."

"उद्या साडेआठचं करून निघू. साडेपाचला परत."

रविवारी आम्ही गेलो. सोमाकाका ओट्यावर टायरच्या जाड चपला घालून बसले होते. मॅडमना बघून म्हणाले, "ह्याच का तुझ्या पावसाच्या बाई? या बाई, बसा. गेल्या साली तुम्ही सांगितलेला पाऊस अजून आला नाय."

आई त्यांना गप्प करायला लागली. मॅडम ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पाय बघू तुमचे."

काकांनी चपला काढल्या. मॅडमनी वाकून, थर्मामीटर बघतात तसं, डोळे रेषेत आणून दोन्ही तळवे बघितले. मग विचारलं, "राब कधी भाजायचा, ते पूर्वी कसं ठरवायचे?"

"वारा बघून," माझी चुलती म्हणाली. "पहाटचं. वारा निजलेला असायचा. एकीनं पाण्याचा हंडा घिऊन बसायचं, एकीनं ओली फांदी."

"आणि आता?"

"आता फोन वाजतो. वाजला का समद्यांची एकच धांदल. ओला राब भाजत नाय ना बाई. कच्चा राहिला का नागलीत लय तण."

"आमच्या मेसेजमध्ये सोसाट्याचा वारा पण लिहिलेला असतो."

काका म्हणाले, "असतो का? पाऊस वाचला का आम्ही फोन खिशात घालतो न् काडी काढतो."

बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "मी तुम्हाला तीन दिवस आधी फोन केला तर? मेसेज नाही, माझा फोन."

"तर तीन दिवस आधी भाजू. आम्हाला का भर उन्हात भाजायची हौस हाय?"

"पण भाऊ, माझं चुकू शकतं. वारा येईल म्हटलं आणि आलाच नाही, तर?"

"बाई," काका म्हणाले, "तुमचं कायमच चुकतं. त्याची सवय हाय आम्हाला."

आणि मग मॅडम हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. मी त्यांना तसं हसताना त्याआधी बघितलेलं नव्हतं. त्या दिवशी त्या आमच्याकडे जेवल्या, नागलीची भाकर आणि उडदाचं भुजं. भाकरीचा तुकडा मोडताना एकदा घड्याळाकडे बघितलं, बस्स.

परतीच्या एसटीत आम्ही वेळेवर बसलो. पण आभाळ तीनलाच भरून आलं होतं. वाऱ्यानं रस्ता लाल धुळीनं दिसेनासा झाला आणि पुढच्या वळणावर एक मोठं आंब्याचं झाड रस्त्यावर आडवं पडलं. पुढं गाड्या, मागं गाड्या. कंडक्टर म्हणाला, आता तास-दोन तास तरी विसरा. मॅडमनी घड्याळ बघितलं. मग खाली उतरून झाडापर्यंत गेल्या, पलीकडं बघितलं, तिथंही गाड्यांची रांग होती. एका मोटारसायकलवाल्याला त्यांनी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मावशी, मीच अडकलोय."

सव्वापाच झाले. साडेपाच झाले. साडेपाचला त्या रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसल्या होत्या, आणि मी बघितलं, त्यांनी श्वास रोखला. थोड्या वेळानं सोडला. म्हणाल्या, "वारा नैऋत्येचा आहे." कुणाला सांगितलं, माहीत नाही.

सोमवारी सकाळी मी यंत्राचा आदल्या संध्याकाळचा आकडा कागदावर काढून त्यांच्यासमोर ठेवला. "हा भरा ना, मॅडम. कुणाला कळणार आहे?"

"तो यंत्रानं घेतला. मी घेतला नाही." रकान्यांत त्यांनी आडव्या रेघा मारल्या आणि शेऱ्यात लिहिलं, 'निरीक्षण घेतले नाही. निरीक्षक पेठ रस्त्यावर.'

आठवड्याभरात कारणे दाखवा नोटीस आली. मॅडमच्या निवृत्तीला दीड महिना उरला होता. साहेबांनी त्यांना बोलावून दार लावलं. मी सही घ्यायला आत होतेच. साहेब अजिजीनं म्हणाले, "तब्येत बरी नव्हती एवढं लिहा. मी इथंच फाईल मिटवतो. उगाच शेवटी निवृत्तीचे कागद अडकतील."

"तब्येत बरी होती, साहेब."

"मॅडम, राब कधी भाजायचा हे सांगायला तुम्ही गेला होतात असं लिहिलंत, तर तो दुसराच गुन्हा होतो."

"गेले होते ना."

त्यांनी उत्तर स्वतःच्या हातानं लिहिलं. कुठं गेले, कुणाला काय सांगितलं, परत का येता आलं नाही. त्यात माझं नाव कुठंच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यांनी माझ्याबद्दल विचारलंय. विचारलं नाही ते कशाला लिहू?" माझं कंत्राट दर अकरा महिन्यांनी संपतं. एका ओळीत माझं नाव आलं असतं तर मी आज हे लिहायला त्या टेबलावर नसते.

उत्तर वर गेलं. त्याचं पुढं काही आलं नाही, आणि कागद खरंच अडकले. त्या रोज साडेआठला यायच्या.

एप्रिलच्या शेवटी त्यांनी पहिला फोन केला. गच्चीवर जाऊन, स्वतःच्या मोबाईलवरून. "सोमाभाऊ, सोमवारी-मंगळवारी पहाटे उरका. बुधवारपासून काडी लावू नका." बुधवारी वाराही आला नाही आणि ढगही नाही. गुरुवारी काकांचा फोन आला, "काय बाई, चुकलं ना? आमचा राब मात्र झ्याक भाजला." दुसरा फोन मेच्या शेवटी केला, उरलेल्यांसाठी. तोपर्यंत काकांनी आजूबाजूच्या पाच-सहा पाड्यांत निरोप पोहोचवायचा धंदाच लावला होता. 'पावसाच्या बाईंचा निरोप' म्हणून सांगायचे. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या खूश झाल्या नाहीत, घाबरल्या. "इतक्या लोकांना? यमुना, तो अंदाज आहे गं."

महिनाअखेरीला त्यांचा शेवटचा दिवस. दुपारी एकला इशारा आला, येत्या तीन तासांत विजा आणि सोसाट्याचा वारा. मी तो ग्रुपवर टाकला. मॅडम खिडकीतून पश्चिमेकडं बघत होत्या. चारला निरोपसमारंभ झाला. साहेबांनी भाषण केलं, शाल आणि नारळ दिला. मॅडमना बोलायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मला पाच वीसला जायचंय," आणि बसल्या.

पाच वीसला त्या शाल तशीच खांद्यावर घेऊन निघाल्या. त्या उकाड्यात शाल काढायचंसुद्धा त्यांना सुचलं नव्हतं. वारा इतका होता की वेग मोजणाऱ्या वाट्यांचं चक्र दिसेनासं झालं होतं. पश्चिम काळीठिक्कर, मधूनच वीज. त्यांनी पदर खोचला, श्वास घेतला, दार उघडलं. मग दार लावून म्हणाल्या, "पूर्णांक सहा. चौतीस."

मी लिहिलं. पण त्या पेटीपासून हलल्या नाहीत. कपाळावर हात धरून पश्चिमेची अख्खी डोंगररांग उजवीकडून डावीकडं बघितली, मग परत डावीकडून उजवीकडं. मीही बघितलं. ढगाच्या कडेखाली डोंगर स्वच्छ, कोरून काढल्यासारखे दिसत होते. कुठंही एक रेघसुद्धा नव्हती.

मॅडमनी माझ्या हातातून पेन घेतलं, रजिस्टर पोटाशी धरलं आणि वाऱ्यात पान दाबून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पश्चिमेला धूर नाही.'

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "तू लिहू नकोस हं उद्यापासून."

मग फाटक वर उचलून ओढलं आणि बाहेर पडल्या. त्यांच्यामागं वाऱ्यानं ते धाडकन मिटलं. मी रजिस्टर काखेत धरून आतून ओढत होते, ते हलत नव्हतं. फार्मच्या रस्त्यावर बस येताना दिसली. मॅडम चार पावलं गेल्या, मागं वळल्या आणि शाल सावरत मला म्हणाल्या, "आधी वर उचल. मग ओढ."

एवढं सांगून त्या बससाठी पळाल्या. मी त्यांना पळताना पहिल्यांदाच बघत होते.